मे महिन्यातला स्वेटर

पुण्याहून संपादक मॅडमचा फोन आला तेव्हा मी दोन भावांच्या वाटणीपत्राचा तिसरा कागद टाइप करत होते. धुळ्यात कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. दोघे भाऊ माझ्यासमोर उभे होते आणि विहीर कुणाच्या हिश्शाला यावर एकमेकांना डोळे दाखवत होते.

"तुमच्या कादंबरीचं काम आम्ही तूर्त थांबवलंय," मॅडम म्हणाल्या. आवाज अगदी मऊ, डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात तसला.

"का हो? मुखपृष्ठाचं चित्र आवडलं नाही का कुणाला?"

"तसं नाही. आमच्या मुद्रितशोधक मुलीला तीच गोष्ट मोबाइलवरच्या एका ॲपवर सापडली. भुसावळची खानावळवाली बाई, सावद्याचा केळीचा व्यापारी, खून, सगळं तेच. आणि ती तिथं एका बाईंनी एप्रिलमध्ये टाकलीय. तुमचं हस्तलिखित आमच्याकडं ऑगस्टमध्ये आलं."

"म्हणजे मी चोरली, असं म्हणायचंय तुम्हाला?" माझा आवाज एवढा चढला की दोघे भाऊ विहीर विसरून माझ्याकडं बघायला लागले.

"आम्ही तसं म्हणत नाही हो. पण खुलासा लागेल. ती गोष्ट तिथून निघाली पाहिजे आणि मूळ गोष्ट तुमची आहे हे त्या बाईंनी लिहून दिलं पाहिजे. पंधरा दिवसांत झालं तर दिवाळीला पुस्तक येईल."

"आणि नाही झालं तर?"

"तर अवघड आहे."

फोन ठेवला आणि वाटणीपत्रात धाकट्याच्या जागी थोरल्याचं नाव टाइप करून बसले. विहीर धाकट्याची झाली असती तर थोरल्यानं माझं दुकान पेटवलं असतं, आणि आता धाकटा पेटवायला निघाला. कागद फाडला, पुन्हा टाइप केला. चूक झाली ती रागानं, भीतीनं नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर दोन्ही होतं.

हे पुस्तक माझं पंधरावं. आधीच्या चौदा कादंबऱ्या जळगावच्या एका छोट्या छापखान्यानं काढल्या होत्या. पातळ कागद, मुखपृष्ठावर पिस्तूल घेतलेली बाई. माझ्या एकाही गोष्टीत पिस्तूल नाही, पण छापखानेवाले नाना म्हणायचे, "पिस्तूल नसलं तर खून आहे हे लोकांना कळणार कसं?" त्या कादंबऱ्या भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांतून फिरायच्या. अमळनेर, चोपडा, पाचोरा, नंदुरबार, कुठं कुठं पोचायच्या. पुस्तकाची पानं हळदीच्या बोटांनी पिवळी होऊन परत यायची तेव्हा मला जो आनंद व्हायचा तो कुणाला सांगून कळायचा नाही. मग एकेक वाचनालय बंद पडलं. नाना गेले, छापखान्यात लग्नपत्रिका छापायला लागले. मी सात वर्षं काही लिहिलं नाही. आमच्या गावच्या साहित्यिक कार्यक्रमात मला शेवटच्या रांगेत बसवायचे. एकदा एका प्राध्यापकांनी विचारलं, "तुम्ही ते... खूनबीन लिहिता ना?" जसं काही मी खूनच करते.

आणि अशात या पुण्याच्या मोठ्या प्रकाशनाच्या मॅडमना माझी जुनी कादंबरी कुठल्याशा रद्दीत सापडते, त्या ती एका बैठकीत वाचतात आणि फोन करून म्हणतात, "नवीन काही आहे का?" मी छप्पन वर्षांची. चांगला कागद, चांगली बांधणी, दुकानाच्या काचेत ठेवतात तसलं पुस्तक, असं माझ्या नशिबी आता कुठं येत होतं. आणि तेव्हाच कुणीतरी येऊन म्हणणार की ही बाई चोर आहे.

सगळ्यात वाईट म्हणजे कागद बघितला तर मीच चोर ठरत होते. मी आयुष्यभर कोर्टाचे कागद टाइप केलेत. कागदावरची तारीख काय करू शकते ते मला कुणी शिकवायला नको.

माझी काम करायची पद्धत अशी की मी आधी लिहितच नाही. आधी सांगते. होळी झाली की आमच्या कॉलनीत पापड सुरू होतात ते थेट आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत. आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं. उडदाचं पीठ कुटायचं, तेलाचा हात लावून ओढायचं, दोऱ्यानं लाट्या पाडायच्या, आणि मग नऊ बायका गोल बसून लाटत सुटायच्या. तोंडं रिकामीच असतात. पहिल्या वर्षी सहज म्हणून मी माझी एक गोष्ट सांगायला घेतली, कारण नवऱ्याला वाचून दाखवली तर ते तिसऱ्या पानाला घोरायला लागले होते.

बायका घोरत नाहीत. पण कंटाळल्या तर लगेच कळतं. एक पाणी प्यायला उठते, दुसरीला गॅसवरचं दूध आठवतं, तिसरी म्हणते, "अगं, त्या कोपऱ्यावरच्या सुनेचं कळलं का?" झालं. म्हणजे तो तुकडा पडला. तो मी तिथल्या तिथं टाकून देते. आणि गोष्ट धरली की लाटणी थांबतात. नऊच्या नऊ लाटणी हवेत आणि बायका माझ्या तोंडाकडं बघतायत, त्या क्षणाला मी मनात खूण करून ठेवते की इथं प्रकरण संपवायचं. खुनाच्या दिवशीचे पापड कडेला जाड राहतात आणि तळले तरी तिथं कच्चेच लागतात. आमच्या कॉलनीतल्या पुरुषांना आता कळतं. पापड तोंडात घालून विचारतात, "काय, कोण मेलं त्या दिवशी?"

आखाजी झाली, पापड डब्यात गेले, की मग मी लिहायला बसते. जूनपासून ऑगस्टपर्यंत लिहून काढते. म्हणजे एप्रिलमध्ये माझ्याकडं एका ओळीचाही कागद नव्हता. होत्या फक्त नऊ बायका.

दुकान बंद करून घरी आले आणि ते ॲप उघडलं. खाली नाव एका बाईचं, फोटोत गुलाबाचं फूल. वाचायला बसले. पहिल्याच ओळीला माझी खानावळवाली. भुसावळला रेल्वेच्या लोकांना डबे देणारी, कुणी किती भाकरी खाल्ल्या यावरून माणूस ओळखणारी माझी बाई. तिचं बोलणं तेच, पदर खोचायची सवय तीच. अंगाची नुसती लाही झाली. मी नवऱ्याला ओरडून म्हटलं, "पोलिसात जाते मी!"

ते म्हणाले, "आधी पूर्ण तर वाच."

पूर्ण वाचली. आणि गंमत बघा, अर्ध्यावर गेल्यावर मला चोरीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा संताप आला. तिनं त्यात जुळा भाऊ घातला होता! अहो, जुळा भाऊ! सावद्याचा केळीचा व्यापारी केळी पिकवायच्या थंड खोलीत मेलेला सापडतो, त्याचा जावई म्हणतो मी दिवसभर भुसावळला होतो आणि त्या खोलीत कधी पाऊलसुद्धा ठेवलं नाही. माझ्या गोष्टीत तो कसा सापडतो ते आता सांगायला हरकत नाही, पुस्तक बाजारात आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी मला माफ करावं. खानावळवालीला त्याच्या पिशवीत स्वेटर दिसतो. मे महिना, आपल्याकडचं ऊन, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय, आणि हा माणूस स्वेटर घेऊन फिरतोय. कशाला? तर ज्याला थंड खोलीत बराच वेळ बसून राहायचंय त्यालाच जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात स्वेटर लागतो. एवढं साधं. आणि या बाईनं तिथं काय केलं, तर भुसावळात दिसला तो जावयाचा जुळा भाऊ! चोरी एक वेळ मी समजून घेईन, पण जुळा भाऊ?

मी पुन्हा वाचायला लागले, या खेपेला माझ्या खानावळवालीसारखी. कुणी किती खाल्लं ते बघत. सगळी गोष्ट जशीच्या तशी होती, फक्त मधले दोन तुकडे नव्हते. स्वेटर दिसतो तो, आणि त्याच्या पुढचा, ती थंड खोलीच्या रखवालदाराला बोलतं करते तो. बरोबर त्या दोन तुकड्यांच्या जागी जुळा भाऊ बसवला होता. का बरं? आवडले नसतील? छे. त्या दोन दिवशी आमच्याकडं लाटणी सगळ्यात जास्त वेळ थांबली होती.

आणि शेवटच्या प्रकरणात तर कहर होता. जावयाला पकडतात तेव्हा तो "स्वेटरची पिशवी तापीत फेकून देतो." कसला स्वेटर? तिच्या गोष्टीत आधी कुठं स्वेटरचं नावच नव्हतं! खाली एका वाचणाऱ्यानं विचारलंसुद्धा होतं, "ताई, स्वेटर कुठून आला?" त्यावर हिनं काही उत्तर दिलं नव्हतं.

मग माझ्या डोक्यात लख्ख झालं. हिनं गोष्ट वाचलेली नाही, ऐकलेली आहे. आणि जिच्याकडून ऐकली ती दोन दिवस पापडाला आलेली नाही. नऊ बायकांत दोन दिवस सलग कोण नव्हतं? मला विचारच करावा लागला नाही. शिरपूरला लग्नाला कोण गेलं होतं?

शेजारच्या अक्का. सत्तरीच्या. माझ्या गोष्टी ऐकताना सगळ्यात आधी लाटणं थांबवणाऱ्या.

सकाळी उठून त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. त्या तुळशीला पाणी घालत होत्या. मी सरळ फोनवरचं ते नाव दाखवलं. "अक्का, ही बाई कोण?"

अक्कांनी फोन लांब धरून बघितला आणि तोंड भरून हसल्या. त्यांचं बोलणं अहिराणी. "माय वं! ती तं मनी भाची शे. पाचोऱ्यानी."

"तुमच्या भाचीला माझी गोष्ट तुम्ही सांगितली?"

"मीच सांगं तिले, फोनवर. रोज विचारे, मावशी, पुढं काय?" त्या अगदी कौतुकानं सांगत होत्या.

"अक्का, तिनं ती स्वतःच्या नावानं टाकलीय. लोक म्हणतायत मी चोरली. माझं पुस्तक थांबलंय."

अक्कांच्या हातातली लोटी तशीच राहिली. "चोरी? कसानी चोरी? पापडवरनी गोट शे. बठ्ठास्नी शे."

गोष्ट सगळ्यांची म्हणतात, तर त्यात त्यांचं चुकलं कुठं, ते मला सांगा. आमच्या पापडाच्या बैठकीत आजवर कुणी कधी विचारलं नाही की हे गाणं कुणाचं, ही लोणच्याची रीत कुणाची, हा विनोद आधी कुणी केला. जे लाटताना ऐकलं ते घरी न्यायचं, सुनेला सांगायचं, माहेरी पोचवायचं. मीसुद्धा नेलंय. माझ्या चौदा कादंबऱ्यांतले निम्मे नवरे मी त्या बैठकीतून उचललेत आणि कुणाला विचारलेलं नाही. पण ते तेव्हा मी अक्कांना सांगितलं नाही. मी चिडले होते आणि मला चिडूनच राहायचं होतं.

"मी पाचोऱ्याला चाललेय," मी म्हटलं. "तिच्याकडून लिहून घेणार."

"थांब, लुगडं बदलू दे," अक्का म्हणाल्या. "मी भी येस."

आम्ही सकाळच्या गाडीनं चाळीसगावला आणि तिथून दुसऱ्या गाडीनं पाचोऱ्याला गेलो. वाटेत मी मनात सगळं भाषण पाठ करत होते. तुला लाज नाही वाटली? माझी तीस वर्षांची मेहनत! असं बरंच काही. वकिलांची भाषणं ऐकून ऐकून माझं चांगलं तयार होतं.

भाचीचं स्टेशनरोडला ब्युटी पार्लर होतं. एक खुर्ची, एक आरसा, पडद्यामागं घर. तिशीची मुलगी, दाताखाली दोरा धरून एका गिऱ्हाइकाच्या भुवया करत होती. मावशीला बघून आनंदली. अक्कांनी माझ्याकडं बोट दाखवून सांगितलं, "ह्याच त्या. गोट यास्नी शे." तिच्या तोंडातला दोरा सुटला.

मी भाषणाला तोंड उघडलं. त्याआधी तीच म्हणाली, "काकू, तो स्वेटर कुठून आला हो?"

पाठ केलेलं भाषण मी सोडून दिलं.

"मावशी दोन दिवस लग्नाला गेलेली," ती म्हणाली. "आल्यावर तिनं शेवट सांगितला, त्यात स्वेटर. मी विचारलं, कसला स्वेटर? ती म्हणे, मला काय माहीत, मी नव्हते. लोक तर रोज मागायचे पुढचा भाग. मग मी आपलं काहीतरी घातलं."

"जुळा भाऊ," मी म्हटलं.

"वाईट होता का हो?"

"भयंकर होता."

ती खाली मान घालून हसली आणि लगेच तिचे डोळे भरले. तिला वाटलं होतं ही कुठली तरी जुनी गोष्ट आहे, धुळ्याच्या बायका पिढ्यान् पिढ्या सांगत आल्या असतील. तिनं फोन काढला आणि मला पडद्याजवळच्या स्टुलावर बसवून वाचणाऱ्यांनी काय काय लिहिलंय ते दाखवलं. रावेरच्या कुणी लिहिलं होतं, आमच्याकडच्या थंड खोलीत गेलं की आता भीती वाटते. एका रेल्वेवाल्यानं लिहिलं होतं की अशी खानावळ आमच्या भुसावळला खरंच होती, त्या बाई गेल्या. कुणी विचारलं होतं, खानावळवालीची दुसरी गोष्ट आहे का? एक जण दवाखान्यात आईपाशी बसून वाचत होता. मी एकामागून एक वाचत गेले. गिऱ्हाईक एका भुवईवर तसंच बसून होतं. सात वर्षांत माझ्या कुठल्याही पात्राबद्दल मला कुणी एक ओळ लिहिली नव्हती, आणि इथं माझ्या बाईसाठी लोक जीव टाकत होते, दुसरीच्या नावाखाली. मला तिचा हेवा वाटला. सरळ सांगते, खूप वाटला.

"हे काढावं लागेल," मी म्हटलं.

"वर तुमचं नाव लिहिते ना. मोठ्या अक्षरात."

"नाही चालणार. पुस्तक अडलंय. काढावंच लागेल."

काढलं की हे सगळं लोकांनी लिहिलेलंही जाणार होतं. ते तिला माहीत होतं आणि मलाही. तिनं बोट फिरवत फिरवत ते बटण आणलं आणि फोन माझ्यापुढं धरला. "तुम्हीच दाबा, काकू. माझ्यानं होत नाही."

अक्का म्हणाल्या, "ऱ्हावू दे ना वं माय." माझ्याकडं न बघता म्हणाल्या.

मी दाबलं. मला वाईट वाटलं नाही असं नाही, पण मी दाबलं. माझं नाव मला हवं होतं. ते मी पुन्हा शेवटच्या रांगेत जाऊन बसण्यासाठी चौदा पुस्तकं लिहून कमावलेलं नव्हतं.

तिनं वहीच्या पानावर लिहून दिलं की गोष्ट ऐकीव आहे, मूळ माझी आहे. अक्षर छान, वळणदार. मग मी तिला स्वेटर कुठून आला ते सांगितलं. दोन्ही तुकडे, अगदी पापडाच्या दिवशी सांगितले तसे. गिऱ्हाईक एका भुवईचंच राहिलं आणि आमची परतीची गाडी गेली.

ते लिहून दिलेलं पान आणि सोबत स्वेटरचा सगळा हिशेब मी पुण्याला पाठवला. चोरलेल्या मालात मूळ मालकाची खूण कशी राहून गेली, ते दोन पानं भरून लिहिलं. मॅडमचा लगेच फोन आला. खूश होत्या. "हे तर पुस्तकापेक्षा भारी आहे!" म्हणाल्या. करार नव्यानं पाठवतो, सही करून द्या, दिवाळी पक्की.

करार आला. मी कराराचं प्रत्येक कलम वाचते, माझा धंदाच तो. नवव्या कलमाखाली एक नवीन ओळ होती. लेखिकेनं यापुढं प्रकाशनापूर्वी आपलं कथानक कोणासही कथन करू नये.

मी फोन केला. "ही ओळ काढा."

"ती तुमच्याच भल्यासाठी आहे. आता बघा ना काय झालं."

"अहो, मी सांगितल्याशिवाय लिहूच शकत नाही. तुम्ही मला सांगताय, बाई, स्वयंपाक कर पण चव बघू नको."

"वकिलांनी घातलंय. माझ्या हातात नाही."

"मग मी खोडते."

"मग पुस्तकाचं अवघड होईल," त्या म्हणाल्या. तोच मऊ आवाज.

नवरा म्हणाला, "सही कर गं. कोण बघायला येतंय इथं पापडाला?" माणूस प्रेमानंच सांगत होता. पण मी सही म्हणजे काय ते जाणते. लोकांना माझ्या दुकानात बजावत असते, वाचा आणि मग करा. जी गोष्ट पाळायची नाही तिच्याखाली मी माझं नाव घालणार नव्हते. आणि पाळली असती तर त्या नऊ बायकांसमोर तोंड शिवून लाटत बसले असते. ते मला जमणारं नव्हतं. मरेपर्यंत जमलं नसतं.

लाल पेनानं ती ओळ आडवी खोडली. बाजूला सही केली. आणि तिच्या जागी माझी ओळ टाइप केली. लेखिका आपलं कथानक लिहिण्यापूर्वी सोबतच्या यादीतील व्यक्तींना कथन करील, आणि कथानक लेखिकेचंच असल्याच्या त्या साक्षीदार राहतील. खाली लिहिलं, हे मान्य नसेल तर माझं हस्तलिखित परत पाठवावं.

पाठवल्यावर दोन दिवस माझा एक कान फोनकडंच होता. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवलं. माझ्यासारखी मूर्ख मीच, असंही वाटून गेलं. तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन. म्हणाल्या, "आमचे वकील म्हणतात, पूर्वी असं कधी कुणी मागितलं नाही. पण साक्षीदार असतील तर उलट बरंच आहे. यादी पाठवा. सह्यांसकट."

मी खुर्चीतून उठून दुकानातल्या दुकानात एक चक्कर मारली. मग यादी टाइप करायला बसले.

आमच्याकडच्या कोर्टाच्या कागदात नावापुढं वय, धंदा, राहणार, हे यावंच लागतं. एकेक बाई आली. वय विचारलं की प्रत्येकीनं दोन वर्षं कमी सांगितली. धंदा विचारला की सगळ्यांचं एकच, घरकाम. अक्कांनी तर सही करताना आधी सगळी यादी बघितली, कोण कुठं आहे ते, आणि आपलं नाव पहिल्या नंबरावर नाही म्हणून रुसल्या. मला पूर्ण कागद पुन्हा टाइप करावा लागला.

नऊजणींच्या सह्या झाल्या. दहावं नाव मी स्वतःहून घातलं होतं. फोन करून पाचोऱ्याच्या भाचीला बोलावून घेतलं. ती आली, घाबरलेली. तिला वाटलं आणखी काहीतरी लिहून द्यायचंय. दुकानात उभी राहूनच विचारलं, "आता काय केलं मी, काकू?"

"काही नाही. माझ्या गोष्टी ऐकायच्या आता, मावशीकडून नाही, समोर बसून. होळीनंतर रविवारी रविवारी यायचं. वय सांग."

"एकतीस."

"धंदा?"

"ब्युटी पार्लर."

मी टाइप केलं, कागद काढला, तिच्यापुढं ठेवला. तिनं सहीला पेन टेकवलं आणि थांबली. तिच्या नावापुढं लिहिलं होतं, धंदा: ब्युटी पार्लर व लेखन.

"काकू, हे 'व लेखन' खोडा ना," ती हळूच म्हणाली. "घरी बघितलं कुणी तर हसतील."

"अगं, इतकी माणसं रोज तुझ्याकडं पुढचा भाग मागत होती. त्या मधल्या दोन दिवसांचं तर तुझं तूच रचलंस, वाईट का असेना," मी म्हटलं. "हसू दे त्यांना. सही कर."

तिनं खुर्ची ओढून घेतली, नीट बसली आणि पूर्ण नाव लिहून सही केली.